आटणारे तळे आणि तरंगते तण

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे गाव केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले असले, तरी या नद्या बारमाही नाहीत. जवळच्या असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजांशी लढण्यापूर्वी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला केळनेचा उतार शोधावा लागला, आणि दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसतात त्या अर्थी मध्ये उतार असणारच, असा तर्क करून त्याने सैन्य पार नेले, हे सर्वश्रुत आहे. लढाई मे महिन्यात झाली असती तर हा तर्क करण्याची गरजच पडली नसती. पावसाळ्यात दुथडी, हिवाळ्यात रोडावलेले आणि उन्हाळ्यात डोहापुरते उरलेले पाणी हा या मुलखाचा स्वभाव असून, पाण्यातील तणांचा येथील इतिहास या स्वभावापासूनच सुरू करावा लागतो. कारण जे तळे दरवर्षी आटते त्यात तरंगणाऱ्या वनस्पतीला बारा महिने तग धरता येत नाही, आणि ज्या मुलखात पाणी टिकत नाही तेथे पाण्यावरच्या तणाची तक्रारही टिकत नाही.

मराठवाड्यातील जुन्या तलावांची निगा या आटण्याशीच बांधलेली होती. जालना शहराला एके काळी पाच तलाव होते आणि त्यांपैकी जमशेदखानाने बांधलेल्या मोती तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातील हौदापर्यंत आणलेले होते. अशा तलावांत आणि गावोगावच्या लहान तळ्यांत उगवणारी तणे देशीच असत : काठच्या उथळ पाण्यात पाणकणीस, म्हणजे कणसासारखा तपकिरी तुरा येणारे उंच गवत, ज्याला काही भागांत रामबाणही म्हणतात, पाण्याखाली शेवाळ आणि गोंडाळ, आणि जेथे पाणी जास्त दिवस राही तेथे कमळ. यांतील बहुतेकांची मुळे तळाच्या गाळात असल्यामुळे, उन्हाळ्यात तळे उघडे पडल्यावर शेतकरी गाळ काढून गाड्यांनी शेतावर नेत, तेव्हा त्याबरोबर कंदमुळेही निघून जात. तण काढणे हा त्या कामाचा हेतू नव्हता. हेतू खताचा होता. पण खताच्या ओढीने तळ्याची खोली राखली जाई आणि खोल पाण्यात पाणकणसाला पाय रोवता येत नसे. या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण जे आटणे तळ्याला उपकारक ठरे तेच माणसांना आणि गुरांना पाण्यासाठी दाही दिशा फिरवी.

जलपर्णी या चित्रात फार उशिरा आली. फिकट जांभळ्या फुलांच्या तुऱ्यांमुळे आणि हवा भरलेल्या फुगीर देठांमुळे देखणी दिसणारी ही तरंगती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याची असून, एकोणिसाव्या शतकात बागांतील शोभेचे झाड म्हणून ती जगभर फिरली. १८९० च्या सुमारास ती अमेरिकेतील फ्लोरिडाच्या सेंट जॉन्स नदीत पोहोचली आणि त्याच शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, जेथे तिला कचुरीपाना हे नाव मिळाले. नद्या, खाड्या आणि भातखाचरे यांच्या त्या प्रदेशात तिने होड्यांची वाहतूक आणि भाताची शेती यांची इतकी कोंडी केली, की १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि १९३६ मध्ये बंगालला जलपर्णीविरोधी स्वतंत्र कायदा करावा लागला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत प्रमुख पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णीच्या निर्मूलनाचे आश्वासन होते. एखाद्या तणाला असा राजकीय मान क्वचितच मिळाला असेल. इतके होऊनही ती बंगालमधून गेली नाही.

ती का जात नाही, याचे उत्तर तिच्या वाढीच्या रीतीत आहे. मातृरोपाला फुटलेल्या आडव्या धुमाऱ्यांच्या टोकाला नवी रोपे तयार होतात, ती तुटून वेगळी होतात, आणि अनुकूल पाण्यात साधारण एक ते दोन आठवड्यांत त्यांची संख्या दुप्पट होते. शिवाय तिचे बी तळाच्या गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. काढलेल्या जलपर्णीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणीच असते, म्हणजे शंभर टन जलपर्णी वाहून नेणारा कंत्राटदार प्रत्यक्षात सुमारे पंचाण्णव टन पाणी वाहत असतो आणि नगरपालिका त्याच वजनाचे पैसे मोजत असते. काठावर टाकलेला ढीग पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात उतरतो, हा प्रकार तर महाराष्ट्रातील नदीकाठच्या शहरांना नवा नाही.

महाराष्ट्रात हिचा विस्तार झाला तो प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे : साचवलेले पाणी आणि सांडपाणी. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे दगडी खांबांच्या खाचांत पावसाळ्यानंतर फळ्या बसवून पाणी अडवण्याची आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या काढून पूर वाहू देण्याची योजना, राज्यभर पसरली, आणि नदीचे वाहते पात्र आठ महिन्यांसाठी लांबोळक्या तळ्यांच्या माळेत बदलले. त्यात शहरांचे नायट्रोजन आणि फॉस्फरसने भरलेले सांडपाणी मिसळले की जलपर्णीला हवे ते सारे मिळते. पंचगंगेवर ती बंधाऱ्यांपाशी येऊन थटते आणि तेथील लोक तिला केंदाळ म्हणतात. कोल्हापूरच्या रंकाळ्यात, पुण्यातील पाषाण तलावात आणि मुळा-मुठेत, छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजाजवळील सलीम अली सरोवरात तिचे आक्रमण झाले त्या सर्व ठिकाणी सांडपाण्याचा नाला हे समान सूत्र आहे. नाला तसाच ठेवून यंत्राने जलपर्णी काढणे म्हणजे कापलेल्या पिकाला पुन्हा खत घालणे होय, आणि तरीही दरवर्षीच्या निविदा यंत्राच्याच निघतात.

यंत्राला पर्याय म्हणून कीटकांचा उपयोग करण्याचा प्रयत्न भारतात १९८० च्या दशकात सुरू झाला. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने निओचेटिना या प्रजातीतील दोन जातींचे भुंगेरे परदेशातून आणून, ते अन्य पिकांना अपाय करत नाहीत याची खात्री करून कर्नाटकातील तलावांत सोडले. चार-पाच मिलिमीटर लांबीचा हा करडा भुंगेरा रात्री पान कुरतडतो आणि पानावर लहान चौकोनी चट्टे ठेवून जातो. खरे नुकसान मात्र त्याची अळी करते, कारण ती देठात बोगदा पाडत खाली बुंध्यापर्यंत पोहोचते, देठात पाणी शिरते आणि रोप हळूहळू बुडते. कोषावस्थेसाठी ही अळी पाण्याखालच्या मुळांचे तंतू गुंडाळून घर करते. या शेवटच्या तपशिलातच मराठवाड्यापुरती अडचण दडलेली आहे. तळे आटले की मुळे उघडी पडतात, कोष मरतात, आणि पुढच्या पावसात गाळातल्या बियांपासून जलपर्णी परत येते, भुंगेरा मात्र परत येत नाही. जेथे पाणी बारमाही आहे तेथे अशा उपायांचे फळ दिसते : मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या जलाशयात साल्व्हिनिया या दुसऱ्या तरंगत्या परदेशी तणावर जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने सोडलेल्या भुंगेऱ्याने अलीकडेच मात केली.

जाफराबादसारख्या कोरडवाहू तालुक्याच्या लहान तलावांना जलपर्णीपेक्षा जवळचे परदेशी तण म्हणजे बेशरम. जांभळट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराच्या फुलांचे हे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील झुडूप कुंपणासाठी आणि बांधासाठी लावले गेले. त्याची फांदी मोडून ओल्या मातीत पडली तरी रुजते, त्याच्या विषारी पाल्यामुळे गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, आणि पाण्यात उभे राहणे व दुष्काळात तग धरणे हे दोन्ही त्याला जमते. जलपर्णीच्या बाबतीत उपकारक ठरणारे आटणे येथे उलटे काम करते, कारण पाणी जसे मागे हटते तसे बेशरम ओल्या तळात पुढे सरकते, आणि काही वर्षांत तलावाचा उथळ भाग, जेथे मासे अंडी घालतात आणि पक्षी चरतात, तोच झुडपाखाली जातो.

या तणावरचा सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग मराठवाड्यात नव्हे, तर भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांवर झाला. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे वतनदार. त्यांच्या अमलाखालचे हे तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधलेले होते आणि मालगुजारी १९५१ मध्ये संपल्यावर ते सरकारकडे गेले. निगेची जबाबदारी सुटल्यानंतरच्या दशकांत त्यांत गाळ आणि बेशरम दोन्ही वाढले. मनीष राजणकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांबरोबर काम करताना तण उपटणे हा अर्धाच उपाय मानला : उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढणे, उघड्या तळाची नांगरट करणे, आणि पाऊस पडल्यावर देशी पाणवनस्पतींची लावणी करणे, असा क्रम त्यांनी ठरवला. शेवटची पायरी महत्त्वाची आहे, कारण मोकळी जागा रिकामी राहिली तर बेशरमच तिथे परतते, आणि कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ज्ञान मासे धरणाऱ्या ढिवर स्त्री-पुरुषांपाशी होते. रोजगार हमीतून मजुरी मिळाल्याने या कामाला पैसाही सापडला.

जालना जिल्ह्यात तलावाच्या तळाशी पुन्हा हात लागला तो गाळाच्या निमित्ताने. निजामाच्या काळात बांधलेला आणि जालना शहराला पाणी पुरवणारा घाणेवाडी तलाव २०१२-१३ च्या दुष्काळात आटला तेव्हा नागरिकांनी पुढाकार घेऊन त्यातील गाळ काढला, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणून तेच काम राज्यभर यंत्रांनी सुरू केले. हिशेब मात्र काढलेल्या गाळाचा ठेवला जातो. काठचे बेशरम त्या हिशेबात येत नाही, म्हणून यंत्र तळ खोल करून निघून जाते आणि झुडपाचे बेट बांधावर तसेच उरते. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठा राज्याच्या खात्यांकडे, मासेमारीचा हक्क ठेक्याने सहकारी संस्थेकडे आणि गाळ शेतकऱ्याकडे, अशी आजची वाटणी असून, यांपैकी तण वाढल्याने ज्याचे उत्पन्न थेट घटते तो एकटा मासेमार आहे. पण जेथे उन्हाळ्यापूर्वीच पाणी संपते त्या तलावात त्याचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा भरतो, आणि पुढच्या वर्षीच्या पाण्याची खात्री नसताना काठचे बेशरम खणण्यावर मजुरी घालणे त्याला परवडत नाही.