होल्टर म्हणजे होल्डर नव्हे

आमच्या धंद्यात सगळ्यात छळणारा बग कुठला, तर जो आपल्यासमोर कधीच येत नाही. क्लायंटकडे येतो, आपण बघायला गेलो की गायब! मग लॉग चालू ठेवायचा आणि वाट बघायची. हृदयाचंही असंच आहे. चक्कर येते वावरात, आणि डॉक्टरांकडे दहा सेकंदांचा ईसीजी काढावा तर एकदम नॉर्मल.

हृदयाचा लॉग चालू ठेवायची युक्ती तशी उशिरा आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइंटहोवेन यांनी ईसीजीचं यंत्र बनवलं. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं. पेशंटने हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं, कारण कोरडी कातडी तो मिलिव्होल्टभर सिग्नल नीट बाहेर येऊ देत नाही. यंत्र हलेना, म्हणून त्यांनी दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलातून टेलिफोनच्या तारेने सिग्नल आणला. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं.

नॉर्मन होल्टर अमेरिकेतल्या मोंटानाचे. डॉक्टर नव्हेत, भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणूस काही दिवसभर टेबलावर पडून राहत नाही, मग त्याचं हृदय तिथेच का तपासायचं? १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सुमारे ३८ किलोचा रेडिओ पाठीवर बांधून चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी मिळवला. पुढे ट्रान्झिस्टर आले, ओझं उतरलं, आणि १९६१ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला.

बार्शीटाकळीच्या माझ्या मामांना अकोल्यात ‘होल्टर’ लावलं, तेव्हा घरात सगळे त्याला बल्बचा ‘होल्डर’च म्हणत होते. मे महिना, घामाच्या धारा. टेक्निशियनने आधी छातीवरचे केस काढले, स्पिरिटने पुसलं, कापसाने जरा खसखसून घासलं, वाळू दिलं. मग जेल लावलेल्या चकत्या चिकटवल्या, त्याही बरगड्यांच्या हाडावर. मांसल भागावर लावल्या तर स्नायूंचा खरखराट येतो. वायरींना वेटोळं देऊन वरून चिकटपट्टी, म्हणजे ओढ चकतीवर बसत नाही. स्क्रीनवर सिग्नल बघितला, घड्याळ जुळवलं आणि हातात डायरी दिली.

मामा म्हणाले, "आंघोय नाई म्हनता, मंग वावरात तरी जाऊ का नाई?"

"जा ना काका! रोज करता ते सगळं करा. फक्त काय केलं, काय झालं ते टाइम टाकून लिहा."

होल्टरसाहेबांचं अख्खं संशोधन या उत्तरात आलं, नाही का? चोवीस तासांत साधारण एक लाख ठोके. त्यातला बिघडलेला ठोका शोधायचा, तर चकती सुटून चालत नाही.

आता थोडं आपल्या मुंबईकडे. आयआयटीत ‘सिलिकॉन लॉकेट’ नावाचं अंगावर वागवायचं छोटं ईसीजी यंत्र तयार झालं. तिथल्याच पवार, चौधुरी आणि दत्तगुप्ता यांनी २००७ साली एक झकास उलटा विचार मांडला. हालचालीने ईसीजीत जो खरखराट येतो, तो नुसता फेकून न देता त्यावरूनच माणूस चालतोय की जिना चढतोय, हे ओळखायचं. कचऱ्यातून डेटा!

थोडक्यात, यंत्र २७० किलोवरून लॉकेटएवढं झालं, माणूस काय करतोय तेही ओळखू लागलं. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधारी आली होती, हे लॉगमध्ये उमटत नाही. तेव्हा घरात कोणाला होल्टर लागलाच, तर ती डायरी रोजच्या हिशेबाच्या वहीसारखी लिहायला लावा. कंटाळा आला तर शेजारी बसून तुम्ही लिहा.