ईटा कॅरिनी: क्ष-किरण ताऱ्यातून नाही, टकरीतून

ईटा कॅरिनी हा महाकाय जोडतारा सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवर, ट्रंपलर १६ या तरुण तारकागुच्छात आहे. मला आधी वाटायचं, त्याचे क्ष-किरण पृष्ठभागावरून येत असतील. पण पृष्ठभाग तेवढा तापलेला नसतो. दोन्ही तारे सतत वायू बाहेर फेकतात. यालाच तारकीय वारा म्हणतात. मोठ्याचा वारा दाट, सेकंदाला सुमारे ५०० किमी. जोडीदाराचा विरळ, पण सुमारे ३,००० किमी. ते आदळतात तिथला वायू कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण सोडतो.

दर साडेपाच वर्षांनी तारे जवळ येतात. क्ष-किरण आधी वाढतात, मग काही आठवडे जवळजवळ गायब! मोठ्याचा दाट वारा आड येतो, टक्करही मंदावते. सर्व्हरच्या लॉगमध्ये ठरावीक अंतराने खड्डा दिसला, की मी त्यामागचं शेड्यूल शोधतो. इथे शेड्यूल म्हणजे कक्षा. थेट न दिसणाऱ्या जोडीदाराचा हा भक्कम पुरावा.