प्रतिजैविक इंजेक्शनाची रिअ‍ॅक्शन (घरगुती उपचारातील)

रुग्णाने स्वतः टोचून घेतलेल्या किंवा घरच्या माणसाने दिलेल्या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनानंतर अचानक उद्भवणारी घाबरवणारी अवस्था. तीत जीवघेणी अ‍ॅनाफिलॅक्सिस येते, तशाच दिसायला भयंकर पण आपोआप ओसरणाऱ्या काही प्रतिक्रियाही येतात. पाहणाऱ्याला दोन्हींत फरक कळेलच असे नाही. घरी करायच्या उपायांचा सगळा विचार या अडचणीभोवती फिरतो.

घरी शिरेतून प्रतिजैविक देण्याची रीत १९७४ च्या सुमारास अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आजाराच्या रुग्णांपासून रुळू लागली. आज हाडांचे जुनाट जंतुसंसर्ग किंवा हृदयाच्या झडपेचा संसर्ग अशा आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या उपचारांत सेफट्रायाक्झोनसारखी औषधे पाश्चात्त्य देशांत अनेक रुग्ण स्वतः घेतात. आपल्याकडचे ठळक उदाहरण मात्र संधिवाती हृदयरोगाचे. या रुग्णाला दर एकवीस दिवसांनी १२ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन कमरेत घ्यावे लागते, तेही वर्षानुवर्षे. कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात कालवून दुधासारखे दाट मिश्रण होते. ते नीट हलवले नाही किंवा बारीक सुई लावली तर सुई तुंबते आणि दुसऱ्यांदा टोचावे लागते. दवाखाने रिअ‍ॅक्शनच्या धास्तीने हे इंजेक्शन द्यायला कां-कूं करतात, तेव्हा ते गल्लीतल्या सिस्टरकडून किंवा ओळखीच्या कंपाउंडरकडून घरीच उरकले जाते. ज्या जिल्ह्यात पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, तिथेही ही धास्ती आहेच.

अ‍ॅनाफिलॅक्सिस. शरीराने औषधाला शत्रू मानून केलेला हा सर्वांगावरचा हल्ला. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी तो १९०२ मध्ये वर्णिला. रिशे यांना त्याबद्दल १९१३ चे नोबेल मिळाले. तळहात-तळपायांना खाज, अंगावर गांधी, ओठ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, छातीत शिट्टी वाजणे, उलटी, मग नाडी जलद व क्षीण होऊन भोवळ, असा साधारण क्रम असतो. पण गांधी उठल्याच पाहिजेत असे नाही. काहींचा रक्तदाब एकदम कोसळतो आणि कातडीवर काहीच दिसत नाही. ब्रिटिश प्रतिकारशास्त्रज्ञ रिचर्ड पम्फ्री यांनी २००० मध्ये प्राणघातक ठरलेल्या प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत हृदय बंद पडायला साधारण तीस मिनिटे लागली होती, उपचारासाठी दिलेल्या औषधांत अवघी पाच. घरून रिक्षा काढून दवाखाना गाठू, हा हिशेब इथे चुकतो.

म्हणून औषध घरात, हाताशी हवे आणि ते एकच: अ‍ॅड्रेनलिन. एक मिलिलीटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून प्रौढाला अर्धा मिलिलीटर मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. शिरेत मुळीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आणि काही दवाखान्यांच्याही खणात मात्र एव्हिल आणि डेक्सोना असतात, आणि आधी तीच टोचली जातात. एव्हिलने खाज थांबते, घसरलेला रक्तदाब सावरत नाही. डेक्सोनाचा परिणाम दिसायलाच तास जातात. या दोहोंनी दिलेला खोटा दिलासा हाच या विषयातला सर्वांत मोठा घोळ म्हणावा लागेल. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप असेल तर टेकून बसू द्यावे, गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे. उठवून चालवत जिन्याने खाली नेणे घातक ठरू शकते, कारण उभे केल्यावर हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. महाराष्ट्रात १०८ ला फोन लावून रुग्णवाहिका दारात येऊ द्यावी. बरे वाटले तरी रुग्णालयात जायचेच. काही तासांनी, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही, लक्षणे उलटतात.

होइन्ये प्रतिक्रिया. रोल्फ होइन्ये यांनी १९५९ मध्ये वेगळी ओळखलेली, प्रामुख्याने प्रोकेन पेनिसिलिनशी जोडलेली. सुई बाहेर काढता काढताच रुग्ण ओरडतो, ‘मी मरतोय!’ आवाज विचित्र ऐकू येतात, वस्तू लहान-मोठ्या दिसतात, छाती धडधडते, कोणी पळू लागतो, क्वचित झटकाही येतो. रक्तदाब मात्र नीट, कधी वाढलेलाच. श्वास मोकळा, अंगावर गांधी नाहीत. औषधाचे बारीक स्फटिक चुकून रक्तवाहिनीत शिरणे आणि प्रोकेनचा मेंदूवरचा परिणाम अशी याची कारणे दिली जातात. बहुतेकांत ते काही मिनिटांत ओसरते. जवळ बसून धीर देणे आणि इजा होऊ न देणे, एवढाच उपचार. गोम अशी की ‘आता संपलो’ ही भावना खऱ्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्येही येते, तेव्हा भीतीवरून निदान करता येत नाही. श्वास, नाडी, कातडी पाहावी लागते. घरी शंका उरली तर अ‍ॅड्रेनलिन द्यावे. स्नायूत योग्य मात्रेत दिलेल्या अ‍ॅड्रेनलिनने थरथर, धडधड होते आणि जाते. न दिल्याची किंमत त्याहून फार मोठी.

इतर प्रकार. सुईच्या धसक्याने येणाऱ्या घेरीत नाडी मंद, अंग थंड व घामेजलेले असते आणि आडवे केल्यावर माणूस लगेच सावरतो. यारिश-हर्क्सहाइमर प्रतिक्रिया उपदंश, लेप्टोस्पायरोसिस, लाइम अशा आजारांत पहिल्या मात्रेनंतर काही तासांनी थंडी-तापाच्या रूपात येते व दिवसभरात जाते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. निकोलाउ लक्षणसमूहात टोचलेल्या जागी तत्क्षणी असह्य कळ उठून कातडी जाळीदार निळी-जांभळी होते. यात शेक-मालीश न करता शल्यचिकित्सक गाठावा. व्हँकोमायसिन घाईने शिरेत सोडले तर मान-चेहरा लालबुंद होतो. ठिबक थांबवावे, मग वेग कमी करावा.

प्रमाण. अकरा देशांत बेंझाथिन पेनिसिलिनच्या ३२,४३० इंजेक्शनांचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब चार अ‍ॅनाफिलॅक्सिस आणि एक मृत्यू असा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला: झडपा फार खराब झालेल्या रुग्णांत इंजेक्शनानंतरचे काही मृत्यू अ‍ॅलर्जीचे नसून घेरी व हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांचे असावेत. अशांना पेनिसिलिनच्या गोळ्यांचा पर्याय सुचवला जातो.

पूर्वदक्षता. कोणत्याही प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन घरी घेऊ नये. नंतरचेही एकट्याने नको आणि टोचल्यावर अर्धा तास तरी कोणी सोबत असावे. आधीची दहा इंजेक्शने निर्धोक गेली म्हणून अकरावे जाईलच अशी हमी नसते. कातडीत टेस्ट डोस देऊन फुगवटा आला नाही तरी धोका शून्य होत नाही. प्रसंग घडलाच, तर औषधाचे नाव, बॅच, टोचल्याची व लक्षणे सुरू झाल्याची वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवावी. रिकामी कुपी फेकू नये. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शेरा केस पेपरवर बसलेल्या दहांतल्या सुमारे नऊ जणांना तपासणीनंतर पेनिसिलिन चालते असे आढळते, आणि ही छाननी करताना विशेषज्ञाला सर्वाधिक उपयोग या टिपणाचा होतो.