नळीतला पांढरा ढग

सकाळी पोराचे डोळे सुजलेले दिसले, की अलिबाग-रेवदंड्याकडच्या घरांतही पहिला अंदाज असतो तो रात्री काहीतरी चावल्याचा. दुपारपर्यंत डोळे उघडतात, संध्याकाळी पाय भरतात. चार दिवसांनी चड्डीचं इलॅस्टिक पोटावर रुतू लागलं, की मग डॉक्टर. निदान होतं नेफ्रोटिक सिंड्रोमचं आणि घरात एक नवं वाक्य मुक्कामाला येतं: 'लघवीतून प्रोटीन जातंय.' पाठोपाठ येतात काचेची परीक्षानळी, चिमटा आणि एक वही.

पहाटेची पहिली लघवी नळीत दोन तृतीयांश भरायची. नळी तिरकी धरून फक्त वरचा भाग तापवायचा. खालचा तसाच ठेवायचा, ताडून बघायला. वर पांढरा ढग आला, तर सौम्य ॲसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. ढग विरला तर ते फॉस्फेट. राहिला तर प्रोटीन. नुसत्या धूसरपणापासून फाटलेल्या दुधासारख्या गोळ्यांपर्यंत एक ते चार 'प्लस' वहीत मांडायचे.

या नळीचं कूळ मोठं लांबचं. चरकाने सांगितलेल्या 20 प्रमेहांत सांद्रमेह आहे: भांड्यात रात्रभर ठेवलेली लघवी दाट होते, असं त्याचं लक्षण. ते प्रोटीनच होतं म्हणणं अतिउत्साहाचं होईल. पण लघवी भांड्यात ठेवून निरखायची सवय आपल्याकडे जुनी, एवढं नक्की.

विस्तवाची युक्ती युरोपातली. सतराव्या शतकाच्या अखेरीस लायडेनच्या फ्रेडरिक डेकर्सने लघवी तापवून तीत आम्ल टाकलं आणि ती गढुळलेली पाहिली. 1764 मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने अंगभर सुजलेल्या एका सैनिकाची लघवी आचेवर ठेवली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजली. 'अल्ब्युमिन' या नावातही तोच लॅटिन पांढरा रंग आहे. 'प्रोटीन' शब्द बराच नंतरचा, 1838 चा; ग्रीक 'प्रोटोस' म्हणजे पहिला. मराठी 'प्रथिन'मध्येही 'प्रथम' ऐकू येतो.

ही परीक्षा खऱ्या अर्थाने रुजवली रिचर्ड ब्राइटने. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला हा डॉक्टर चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायला सांगे. 1827 मध्ये त्याने अंगावरची सूज, थिजणारी लघवी आणि शवविच्छेदनात दिसलेली बिघडलेली मूत्रपिंडं यांची सांगड घातली. पुढे 'ब्राइटचा आजार' हे नाव इतकं ऐसपैस झालं, की मूत्रपिंडाचे निरनिराळे विकार त्यातच कोंबले गेले.

चमच्याची नळी झाली, पण ती दवाखान्यातून घरी आली ती आजाराच्या स्वभावामुळे. स्टेरॉइडने बहुतेक मुलं बरी होतात आणि त्यातली पुष्कळ पुन्हा सुजतात. सूज दिसण्याआधी प्रोटीन दिसतं, म्हणून रोज बघायचं. सलग तीन सकाळी तीन किंवा चार प्लस, म्हणजे आजार उलटला. सलग तीन दिवस 'निल' किंवा जेमतेम खूण, म्हणजे आटोक्यात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांना फोनवर सांगायला आईकडे हीच वही असते. 1957 च्या सुमारास आलेल्या कागदी पट्टीने आचेची कटकट वाचवली: पिवळी पट्टी प्रोटीन असेल तर हिरवी-निळी होते. खर्च मात्र रोजचा, म्हणून नळी काही पूर्ण हद्दपार झाली नाही.

प्रोटीन गळतं कुठून, हे कळायला 1998 उजाडलं. कार्ल ट्रिगव्हासन यांच्या गटाने जन्मतःच हा आजार असलेल्या फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून 'नेफ्रिन' शोधलं. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या बारीक फटी सांधणारं तेही एक प्रोटीनच! म्हणजे प्रोटीन अडवायला प्रोटीनच लागतं. 2024 मध्ये हाम्बुर्गच्या गटाने दाखवलं, की आजार जोरात असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू नसलेल्या मुलांपैकी सुमारे 90 टक्क्यांच्या रक्तात याच नेफ्रिनवर उठलेली प्रतिपिंडं होती. शरीरानेच आपल्या गाळणीवर धरलेला हा दात.

स्वयंपाकघरातल्या वहीत नेफ्रिन कुठेच नसतं. तिथे तारीख, गोळ्यांची संख्या आणि प्लस एवढंच. 12 तारखेला तीन, 13 ला तीन. 14 च्या पुढची जागा कोरी. नळी अजून तापते आहे.