लोणारचे खारे पाणी

वेरूळ-अजिंठ्याच्या सहली आपल्या धर्मग्रामांतून पुष्कळ निघतात. परंतु तेथून पुढे बुलढाणा जिल्ह्यात जाऊन लोणारचे सरोवर पाहिलेली कुटुंबे विरळाच भेटतात. आम्हीही तेथे पोहोचलो ते उशिरानेच. कड्यावर उभे राहिल्यावर काळ्या खडकात कोरलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ समोर आले आणि तळाशी निश्चल पाणी. काठावर ‘धार’ नावाचा गोड्या पाण्याचा झरा अखंड वाहतो, आणि खाली मात्र पाणी खारे! हे कोडे माणसाला पिढ्यान्‌पिढ्या पडले आहे.

पूर्वजांनी त्याचे उत्तर कथेतून दिले. विष्णूने लवणासुराचा वध केला, ती ही जागा. गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर त्याच कथेचे स्मारक होय. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’ने व्यवहाराची बाजू पाहिली : येथील क्षारांपासून काच व साबण बनतो आणि सरकारला महसूल मिळतो, अशी तिची नोंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यानंतरही ते ज्वालामुखीचे मुख असावे, असेच अनेकांना दीर्घकाळ वाटत होते. अखेर १९७३ साली, तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रचंड आघातानेच घडणारी काच त्या खडकांत आढळली आणि हे विवर आकाशातून कोसळलेल्या अशनीचे, हे सिद्ध झाले. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे मानीत. नंतरच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले.

असे कोडे एकट्या लोणारचे नव्हते. जर्मनीतील नोर्डलिंगेन हे गाव अशाच, परंतु कितीतरी मोठ्या विवरात वसले आहे. तेथील संत जॉर्ज यांचे मध्ययुगीन चर्च त्या आघातातूनच घडलेल्या दगडाने बांधले आहे. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी त्या भिंतींच्या छायेत प्रार्थना केली. दगडाचे खरे मूळ मात्र १९६० च्या सुमारास उलगडले. पायाखालच्या भूमीची ओळख पटायला असा वेळ लागतो.

लोणारच्या पाण्याचा खारेपणाही आता उमगला आहे. झरे आणि पाऊस यांचे पाणी आत येते. बाहेर जायला मात्र वाट नाही. ऊन पाणी उचलून नेते, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये पाणी घटून खारेपणा वाढला, तेव्हा मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सारे सरोवर गुलाबी झाले. बातमी जगभर गेली. पुढे तो रंग ओसरला. त्याच वर्षी रामसर करारान्वये या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले.

परंतु ज्या रचनेने हे नवल घडवले, तीच त्याची दुर्बलता आहे. आत गेलेले काहीच बाहेर पडत नाही. मग ते क्षार असोत वा सांडपाणी. गावचे सांडपाणी सरोवरात उतरते, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तो यामुळेच. नदी आपला मळ वाहून नेते, लोणारला ती सोय नाही.

म्हणून वाचकहो, पुढील सहल लोणारला अवश्य न्या. मुलांना लवणासुराची कथा सांगा, अशनीचीही सांगा. आणि परतताना आपल्या पिशवीतला कागदाचा कपटासुद्धा तेथे मागे राहणार नाही, एवढे पाहा. पाच लाख वर्षांच्या या पात्रात आपण टाकलेले काढायला दुसरे कोणी येणार नाही.