तह झाला, फौज हटली नाही

आमच्या टाकवे बुद्रुकमधली जुनी माणसं इंग्रजांच्या दोन परतींच्या गोष्टी सांगत. एक पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेली, दुसरी त्यांनी स्वतः पाहिलेली. परकी फौज नुसत्या बोलण्यांनी मुलूख सोडते का, हा प्रश्न मला त्या गोष्टींनीच घातला.

पहिली गोष्ट वडगावची. कान्हे फाट्यावर उतरलं की वडगाव जवळच. राघोबादादांना पुण्याची सत्ता मिळवून द्यायला मुंबईकर इंग्रजांची फौज 1778 च्या अखेरीस बोरघाट चढून आली. आजोबा सांगत, "दाणा पेवात, वैरण जाळात, माणसं डोंगरात. गोऱ्याला मावळात काही मिळू दिलं नाही." महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांचा डाव नेमका हाच होता. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. तोच आमच्याकडचा इष्टुर फाकडा. शत्रूचा असला तरी शूर, म्हणून त्याचं नाव मावळानं जपलं आणि वडगावात त्याची समाधीही आहे. फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव जळून गेलेलं होतं. 11 जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, माघार घेतली आणि ते वडगावात कोंडले गेले.

मग बोलणी सुरू झाली. इंग्रजांच्या बाजूनं फार्मर मराठ्यांच्या छावणीत गेला, पाठोपाठ होम्स महादजींकडे गेला. तहात ठरलं ते असं: 1773 पासून बळकावलेला मुलूख, साष्टीसुद्धा, परत करायचा, बंगालहून निघालेली फौज मागे फिरवायची, आणि हे पुरं होईपर्यंत दोन इंग्रज ओलीस राहायचे. मराठ्यांनी वाट मोकळी केली आणि उपाशी, थकलेली फौज मुंबईला सुखरूप पोचली. पोचताच मुंबईकरांनी तह झिडकारला, कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनंही तो मानला नाही. बंगालची फौज मागे फिरण्याऐवजी सुरतेला येऊन ठेपली. तीन वर्षं युद्ध चाललं आणि 1782 च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. एवढं सांगून झालं की आजोबा म्हणत, "कोंडलेला सोडला, तिथंच सगळं गेलं."

दुसरी गोष्ट आजीची, इंग्रज देश सोडून जात होते तेव्हाची. कामशेतच्या बाजाराला गेलेली माणसं रुळांकडेला थांबून गोऱ्या शिपायांनी भरलेल्या गाड्या खंडाळ्याकडे जाताना बघत. शिपाई खिडकीतून पोरांकडे बिस्किटं टाकत. आजीची आई ती उचलू देत नसे. जाणाऱ्याचं काही ठेवून घ्यायचं नाही, असं तिचं म्हणणं.

या वेळी मात्र ठरलं तसं घडलं. 15 ऑगस्टनंतर ब्रिटिश पलटणींनी देशातल्या बंदोबस्तात पडायचं नाही आणि लगेच निघायला लागायचं, असं ठरलं होतं. पहिली तुकडी 17 ऑगस्ट 1947 रोजी मुंबईहून जहाजावर चढली. 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन भारतीय जवानांची मानवंदना घेत गेटवेच्या कमानीखालून गेली. शब्द पाळला गेला त्याला कारणं होती. महायुद्धानं ब्रिटनची तिजोरी रिती केली होती. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हा हिंदी शिपायाच्या जोरावर राज्य चालवण्याचे दिवस सरल्याचं लंडनला दिसलं. आणि बेचाळीसच्या ‘चले जाव’ची आठवण गावोगाव ताजी होती.

पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात तर बोलणीच होऊ शकली नाहीत. 27 फेब्रुवारी 1950 रोजी भारतानं लिस्बनला वाटाघाटींचं निवेदन दिलं. सालाझारच्या सरकारनं चर्चेलाच नकार दिला, तेव्हा जून 1953 मध्ये भारतानं तिथली वकिलात बंद केली. 1955 च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रहींना घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. हे बापट म्हणजे आमच्या शेजारच्या मुळशीच्या सत्याग्रहाचे सेनापती. अखेर 19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, तीही भारतीय सैन्य आत गेल्यावर.

तहाचा कागद हवाच, पण तो मोडणाऱ्याला महाग पडेल अशी तजवीज त्याच्यामागं असावी लागते. वडगावला ती राहिली नाही, 1947 मध्ये होती. म्हणून मावळातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलांना वडगावच्या विजयस्तंभापाशी नेलंत, तर विजयाबरोबर मोडलेल्या तहाची हकिगतही पुरी सांगा.