‘इंजिन काम मागतंय’ या निदानाचा परामर्श

जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली, की गॅरेजपासून पेट्रोल पंपापर्यंत एकच निकाल ऐकू येतो : ‘कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन काम मागतंय.’ जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवणाऱ्या कॅम्परवाल्या हौशी मंडळींना तर हा निकाल हमखास ऐकावा लागतो. त्यापायी धडधाकट इंजिनं उघडली जातात, म्हणून या मताचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी पूर्वपक्ष. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं, एवढाच त्याचा मंत्र. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची जाहीर चाचणी आउग्सबुर्गला १८९७ साली झाली, तेव्हापासून तो बदललेला नाही. दाब नाही तर ताप नाही, ताप नाही तर पेट नाही. रिंगा झिजल्या, बोअर खाल्ले गेले, की दाब गळतो. गाडी जुनी आहे, ती पेट घेत नाही, म्हणून दाब गेला.

यातलं एकेक विधान खरं आहे, निष्कर्ष मात्र निघत नाही. पेट न घेण्याची कारणं अनेक असताना त्यावरून एकच कारण ठरवणं याला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतात. दाब शाबूत असूनही डिझेल पोचलं नाही, प्लग तापले नाहीत किंवा सेल्फ मंद फिरला, तरी गाडी तशीच रुसते. शिवाय कॅम्पर ही धावण्यापेक्षा उभी राहणारी गाडी. बोअर झिजायला किलोमीटर लागतात. उभं राहून बिघडतात त्या गोष्टी वेगळ्याच : रबरी नळ्या, तांब्याचे वॉशर, बॅटरी, अर्थिंगची टोकं.

तर्कशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचं अनुमान करतात. इथे सायलेन्सरकडे पाहायचं, पण अनुमान उलटं करायचं. सेल्फ मारताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. मग संशय हिटर प्लग, सेल्फचा वेग आणि दाब यांच्यावर. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही, आणि अशा वेळी कॉम्प्रेशनची चर्चा करणं म्हणजे नळाला पाणी नसताना चुलीला दोष देणं. हे पाहायला एक पैसा लागत नाही, तरी ते फार क्वचित पाहिलं जातं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

धूर नसलेल्या गाडीत बहुतेक वेळा ‘एअर’ धरलेली असते. फिल्टरच्या डोक्यावर, बँजो बोल्टच्या भोवती बोट फिरवून पाहावं. तिथे डिझेल आणि धूळ यांचा काळसर, चिकट थर हाताला लागला, तर वॉशर दमला आहे असं समजावं. चालू इंजिनात जिथून थेंब बाहेर येतो, तिथूनच रात्रभर हवा आत शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं. याची परीक्षाही सोपी आहे. सकाळी सेल्फला हात लावण्याआधी फीड पंपावरचा हातपंप कडक लागेपर्यंत मारायचा. त्यानंतर गाडी पटकन सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी हातपंप न मारता पुन्हा अडली, तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हाती आले. रिंगा झिजलेल्या असत्या तर हातपंपाने काय फरक पडला असता?

आता हिटर प्लग. ‘आपल्याकडे थंडी कुठे, हिटर हिमाचलात लागतो,’ हे आणखी एक रूढ मत. त्याच्या मुळाशी ट्रकचा दाखला आहे, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या ट्रकपुरता तो बरोबरही आहे. पण जुन्या ट्रॅव्हलरमधलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं : चार सिलिंडर, २.४ लिटर, आणि प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर एक छोटी पूर्वकोठडी. ही रचना प्रॉस्पर लोरांजने १९०९ साली बेंझ कंपनीत असताना सुचवली. तिने इंजिन सौम्य झालं, पण तापलेली हवा अरुंद छिद्रांतून त्या कोठडीत शिरताना तिची बरीच उष्णता भोवतीचा थंड धातू पिऊन टाकतो. म्हणून दाबाचं प्रमाण २१:१ इतकं चढं असूनही पुण्याच्या साध्या सकाळीसुद्धा या इंजिनाला हिटर द्यावा लागतो. ट्रकचा न्याय त्याला लावणं चूक. पेन्सिल प्लग समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक जळला तर बाकीचे तीन चालतात. गाडी एका सिलिंडरवर हुकत, थरथरत सुरू होते आणि ऐकणारा म्हणतो, ‘बघा, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं.’ प्लगची वायर काढून मीटर लावावा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आत दाखवतो, जळलेल्यात सर्किटच तुटलेलं असतं.

आणि अशा इंजिनावर स्टार्टिंग स्प्रे मारू नये. तापलेल्या प्लगवर ईथर अवेळी भडकतं, पिस्टन वर येत असतानाच धक्का बसतो आणि चांगल्या रिंगा तुटतात. मग ‘इंजिन गेलं’ हे भाकीत खरं ठरतं, पण ते उपचारानेच खरं केलेलं असतं.

सेल्फच्या बाबतीतला घोटाळा सर्वांत सूक्ष्म आहे. सेल्फ तीनशे अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या अर्थिंगच्या टोकाला अवघा ०.००५ ओहमचा अडथळा असेल, तर तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतात. कॅम्परमध्ये दिव्यांसाठी आणि फ्रिजसाठी दुसरी बॅटरी जोडताना मूळ अर्थिंगवरच नवे लग चढवलेले असतात, तिथे आधी पाहावं. इंजिन मंद फिरलं की दाबलेल्या हवेला भिंतींना उष्णता द्यायला आणि रिंगांतून निसटायला जास्त वेळ मिळतो. आता अशा गाडीला कोणी कॉम्प्रेशन गेज लावला, तर तो कमीच आकडा दाखवणार! दोष केबलचा, आणि पुरावा मात्र बोअरविरुद्ध. म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी आणि स्वच्छ अर्थिंग यांच्याशिवाय घेतलेला गेजचा आकडा मी पुरावा मानत नाही.

तसंच टॅपेटचं. आवाज नाही म्हणजे टॅपेट उत्तम, असं समजलं जातं. ओएम ६१६ला थंड असताना इनलेटला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट लागते. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो तशी ही फट कमी होते, आवाज विरतो, आणि शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. दाब खरोखरच गेलेला असतो, पण तो फीलर गेज आणि पान्यांनी परत येतो.

इतकं सगळं पाहून झाल्यावर पूर्वपक्षाला त्याची जागा द्यायला माझी हरकत नाही. या घराण्याच्या निरोगी इंजिनाचा दाब २२ ते २४ बार असतो. तो १५च्या खाली गेला, किंवा दोन सिलिंडरांत ३ बारहून जास्त फरक पडला, तर इंजिनात बिघाड आहे. पण त्याही वेळी पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरावी. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड किंवा गॅस्केट, आणि या दोन्हींसाठी फक्त हेड उतरवावं लागतं. ऑइलच्या झाकणातून हवेचा झोत आला, तरच रिंगा आणि बोअर.